शेजाऱ्याच्या यादवीत फौज घालायची का? (लेबनॉन १९७६ आणि आपलं १९४८)

तेरणाकाठ (धागाकर्ता)

१७ सप्टेंबर, म्हणजे मराठवाडा मुक्तिदिन, जवळ आला की आपल्याकडं पारापासून व्हॉट्सॲपपर्यंत एकच विषय असतो: १९४८ ला निजामाच्या हैदराबाद संस्थानात भारताची फौज आली तो. यंदा मी त्याच विषयाला जरा वळसा घालून येतोय, बैरुतमार्गे. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

१९७६ च्या मार्चमध्ये सीरियाचे अध्यक्ष हाफिज अल-असद पेचात होते. शेजारच्या लेबनॉनमध्ये वर्षभर यादवी पेटलेली. दमास्कसहून बैरुत म्हणजे साधारण लातूरहून सोलापूर, एवढंच अंतर. तिकडं गोळी सुटली की इकडं माणसं पळून येणार. फौज घालायची की नाही?

आधी लेबनॉनची घडी समजून घ्या. १९४३ साली स्वतंत्र होताना तिथल्या पुढाऱ्यांनी तोंडी ठरवलं की अध्यक्ष मारोनाइट ख्रिश्चन, पंतप्रधान सुन्नी आणि सभापती शिया. संसदेत ख्रिश्चन आणि मुसलमान जागा ६ ला ५. आधार काय, तर १९३२ ची जनगणना. पुढं जनगणना घेतलीच नाही, कारण आकडे बदललेत हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. (आपल्याकडं भावकीत भांडण नको म्हणून सातबारा वारलेल्या आजोबांच्याच नावावर ठेवतात ना, तसला प्रकार.) त्यात १९७० नंतर जॉर्डनमधून हाकललेले पॅलेस्टिनी लढवय्ये तिथं येऊन बसले. १३ एप्रिल १९७५ ला बैरुतमध्ये पॅलेस्टिनींच्या बसवर फलांजी (मारोनाइटांचा पक्ष) बंदूकधाऱ्यांनी गोळीबार केला आणि भडका उडाला. जानेवारी १९७६ मध्ये करांतिना वस्तीत मुसलमान आणि पॅलेस्टिनींची कत्तल झाली, लगेच दोन दिवसांनी दामूर गावात ख्रिश्चनांची.

असदनी आधी मध्यस्थी करून पाहिली. संसदेतल्या जागा निम्म्या-निम्म्या करायचा मसुदा फेब्रुवारीत त्यांच्याच पुढाकारानं आला. पॅलेस्टिनींच्या जोडीनं लढणाऱ्या डाव्या आघाडीचे नेते, द्रूझ (इस्लाममधून निघालेला एक छोटा पंथ) सरदार कमाल जुंबलात यांना तो पुरेसा वाटला नाही. ते जिंकत होते, मग अर्ध्यावर तडजोड का करतील? मार्चअखेरीस दोघं दमास्कसमध्ये तासन्‌तास बसले, फिसकटलं.

मग असदनी हिशेब मांडला. डावे-पॅलेस्टिनी जिंकले तर इस्रायल घुसणार. हरता हरता ख्रिश्चन वेगळे निघाले तर इस्रायलच्या टेकूवर नवं राष्ट्र उभं राहणार. दोन्हीकडून मरण दमास्कसचंच. म्हणून पॅलेस्टाइनचा कैवारी म्हणवणाऱ्या माणसानं १ जून १९७६ ला पॅलेस्टिनींच्याच विरोधात, मारोनाइटांना वाचवायला रणगाडे धाडले. त्याच दिवशी सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिन दमास्कसला पाहुणे म्हणून उतरत होते, म्हणजे दोस्तालाही घोटभर कडू पाजलं. अमेरिकेमार्फत इस्रायलशी बिनलिखित समजूत होती: विमानविरोधी क्षेपणास्त्रं आणायची नाहीत, दक्षिणेत ठरल्या रेषेच्या पुढं यायचं नाही. एवढा बारीक हिशेब!

एक रकाना तेवढा रिकामा राहिला. १२ ऑगस्टला तेल अल-झातर ही पॅलेस्टिनी छावणी ख्रिश्चन मिलिशियांच्या वेढ्यापुढं टिकली नाही, त्यांच्या हाती पडली. आत आणि बाहेर पडताना मिळून हजारांहून जास्त माणसं मेली. सीरियाची फौज तेव्हा लेबनॉनमध्येच होती. ती एका बाजूला हरू द्यायचं नाही म्हणून आली होती. ती बाजू वरचढ होऊन सूड घ्यायला लागली तेव्हा मधे कोण उभं राहणार, हे कुणी ठरवलंच नव्हतं.

आता घरी या. हैदराबादच्या बाबतीत दिल्लीही वर्षभर तोलत होती. २९ नोव्हेंबर १९४७ चा जैसे थे करार, काश्मीरमध्ये अडकलेलं सैन्य, घाई नको म्हणणारे सरसेनापती बुचर, पाकिस्तान काय करील याची धास्ती, आणि देशभर दंगे उसळतील ही भीती. इकडं निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांनी गावं जाळायला सुरुवात केलेली. त्यांचा म्होरक्या कासिम रझवी आपल्या लातूरचाच वकील. शेवटी १३ सप्टेंबर १९४८ ला फौज सोलापूरकडून नळदुर्गावर आली आणि १७ ला निजामानं हात टेकले.

देशभर दंगे झाले नाहीत. झालं ते इथं. दिल्लीनं पाहणीला धाडलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं नंतर जे पाहिलं त्यात सगळ्यात जास्त होरपळलेले चार जिल्हे उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. मेलेल्यांचा तिचा सावध अंदाज २७ ते ४० हजार. बहुतेक साधे मुसलमान, ज्यांतल्या कित्येकांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता. अहवाल साठ-पासष्ट वर्षं दाबून ठेवला गेला.

फौज यायला नको होती, असं मी म्हणत नाही. यायलाच हवी होती, आणि आधी यायला हवी होती. पण शेजारी देश हस्तक्षेप तोलतो तेव्हा तराजूत कायम स्वतःची सरहद्द, स्वतःचे शत्रू, स्वतःची इज्जत असते. जी बाजू आपल्यामुळं पडणार, तिच्या गल्लीत आठवडाभरानं पहारा कोणाचा, हे त्यात नसतं. तुम्हाला काय वाटतं?

बालाघाटी

पहिलीच गोष्ट, तुलना चुकीची. सीरिया आणि लेबनॉन हे दोन देश. हैदराबाद कधी शेजारचा देश होता? चारी बाजूंनी भारत, पोटात निजाम. पोस्ट खाते, रेल्वे आणि स्वतःचं नाणं असलं म्हणून राष्ट्र होत नसतं. पंच्याऐंशी टक्के रयतेला भारतात यायचं होतं. त्याला हस्तक्षेप म्हणणं म्हणजे निजामाच्या वकिलाची भाषा झाली.

तेरणाकाठ

बालाघाटी दादा, रयतेला यायचं होतं हे शंभर टक्के मान्य. पण त्या वर्षी दिल्ली वागत होती ती शेजाऱ्यासारखीच. करार केला, एजंट-जनरल म्हणून क. मा. मुन्शी धाडले, वाटाघाटीच्या फेऱ्या घातल्या. निजामानं प्रकरण सुरक्षा परिषदेत नेलं आणि फौज आत असतानाच १६ सप्टेंबरला तिथं त्याची बैठकही झाली. कायद्याचा निकाल तुमच्या बाजूनं लावा, माझी हरकत नाही. निर्णय कसा तोलला गेला, मी त्याबद्दल बोलतोय.

हुरडा_प्रेमी

चहा संपला, पोस्ट संपंना. पण वाचली बरं का पूर्ण 😀

मन्याड

दोन्ही ठिकाणी धर्माचं भांडण म्हणून मोकळं होणं सोपं आहे. लेबनॉनमध्ये दक्षिणेतले शिया शेतमजूर जमिनी सोडून बैरुतच्या कडेला झोपडपट्ट्यांत येऊन पडले होते, आणि डाव्या आघाडीत तेच लढत होते. (जुंबलात स्वतः जहागीरदार आणि समाजवादी पक्षाचा संस्थापक, ही गंमत वेगळी.) आपल्याकडं तरी काय? जहागिरी, देशमुखी, वेठबिगार, लेव्हीच्या नावाखाली उचललेलं धान्य. तेलंगणात शेतकरी हत्यार घेऊन उठले ते १९४६ पासून, रझाकारांच्या आधीपासून. आणि फौजेनं रझाकार संपवल्यावर बंदुका कुणाकडं वळवल्या? त्याच शेतकऱ्यांकडं, १९५१ पर्यंत. तेव्हा तेरणाकाठ, तुमच्या रिकाम्या रकान्यात आणखी एक नाव घाला.

सुंदरलाल समितीच्या अहवालात एक गोष्ट आहे, ती कुणी सांगत नाही. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवलं, स्वतःचं मोठं नुकसान सोसून. एका धंद्यातली माणसं एकमेकांना धरून राहिली, असं समितीनं आवर्जून लिहिलंय.

बार्शीलाईट

माझी आजी परंड्याकडची. तेव्हा अकरा-बारा वर्षांची असेल. रझाकार येणार अशी हाळी आली की बायका-पोरं ज्वारीच्या रानात लपायची. शेवटी सगळं कुटुंब बार्शीला गेलं. बार्शी इंग्रजी मुलखात, म्हणजे तेव्हा भारतात. धाराशिव जिल्ह्यातली निम्मी गावं तिकडं पळाली होती म्हणा ना. नाक्याच्या अलीकडं निजामाचे शिपाई, पलीकडं निजामाविरुद्ध लढणाऱ्या स्टेट काँग्रेसच्या पोरांचे कॅम्प. लातूरला जाणारी छोटी रेल्वे ह्या दोन राज्यांतून जायची, त्यामुळं बातम्या गाडीबरोबरच यायच्या-जायच्या.

सांगायचं ते पुढचं. पोलीस ॲक्शननंतर (सप्टेंबरातल्या त्या फौजी कारवाईला हेच नाव) हे लोक परतले तर घर लुटलेलं. आजी सांगायची की वडील त्याचं दुःख करत बसले नाहीत, कारण गावातला तांबोळी आणि पिंजारी दोघांची घरं उघडी पडलेली आणि माणसं बेपत्ता. त्यांनी काय केलं होतं, असं आजीनं विचारलं तर तिला गप्प बसवलं. पिंजारी दोन वर्षांनी परत आला. तांबोळी आलाच नाही. गावात लुटीचा माल कुणाकुणाकडं आहे हे सगळ्यांना माहीत होतं, रझाकारांनी नेलेलाही आणि नंतर गावानं नेलेलाही. आजी रझाकारांना शिव्या घालायची आणि तांबोळ्याची आठवणही काढायची, एकाच बैठकीत. तिला त्यात काही विसंगत वाटायचं नाही.

शाहगंज

बार्शीलाईट ताई, तुमच्या आजीला सलाम.

आमच्या घरात १७ सप्टेंबरला वाद नसतो. पणजोबा निजामाच्या महसूल खात्यात कारकून होते. रझवीची भाषणं ऐकून म्हणायचे की हा माणूस आपल्या सगळ्यांना बुडवणार. असं उघड बोलणं सोपं नव्हतं. 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांनी रझाकारांविरुद्ध लिहिलं, तर ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांचा खून झाला, हात तोडले. ॲक्शनच्या तीन आठवडे आधी. म्हणजे रझाकार गप्प करत होते, आणि रझाकार गेल्यावर लोक आम्हाला रझाकार समजत होते.

तेरणाकाठ भाऊ, तुमचा मुद्दा पटतो, एक जोड देतो. दिल्लीनं दंग्यांची भीती धरली होती ती बाकी भारतासाठी. संस्थानातल्या मुसलमानाचं काय होईल हा विचार त्यात असेलही, पण तयारी दिसली नाही. काही ठिकाणी खाकी अंगावर असलेलेच लुटीत होते, असं समितीनं नोंदवलंय. आणि हेही लिहायला हवं की दुसऱ्या ठिकाणी त्याच फौजेनं माणसं वाचवलीसुद्धा. ऑफिसर कोण मिळाला, त्यावर गावाचं नशीब ठरलं.

बालाघाटी

शाहगंज, तुमच्याशी वाद नाही. माझं एवढंच की वर्षभर मार खाल्लेल्या माणसानं हात उचलला, त्याचा जाब फौजेला कसा विचारता? फौज लढायला आली होती.

शाहगंज

मार दिला एकानं, हात उचलला दुसऱ्यावर. पिंजाऱ्यानं कुणाला मारलं होतं?

सुभेदार_८म

मी महार रेजिमेंटमधून निवृत्त. मूळ गाव कंधार तालुक्यात. पुस्तकातलं फार कळत नाही, पण श्रीलंकेचं बगितलंय म्हणून लिहू लालो.

२९ जुलै १९८७ ला राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी तिथली यादवी थांबवायचा करार केला. दुसऱ्याच दिवशी कोलंबोत मानवंदना घेताना एका नौसैनिकानं राजीवजींवर बंदुकीचा दस्ता उगारला, तेव्हाच समजायला पाहिजे होतं. आम्ही उतरलो तव्हा तमिळ लोकांनी हार घातले. आम्ही त्यांच्या रक्षणाला आलेलो. ऑक्टोबरात त्यांच्याच एलटीटीईशी (तमिळ बंडखोर संघटना) लढाई सुरू झाली. तीन महिने पण झाले नव्हते. ८ महारचे मेजर परमेश्वरन २५ नोव्हेंबरला शहीद झाले, परमवीर चक्र. पुढं तर असं झालं की प्रेमदासा सरकारनं आम्हाला घालवायला एलटीटीईलाच हत्यारं दिली. मार्च १९९० ला शेवटची तुकडी परत आली. अकराशेवर जवान गेले.

फौजेला एक हुकूम लागतो. दुश्मन कोण, हे सकाळी एक आन् संध्याकाळी एक असं असलं की जवान काय करणार. असदच्या फौजेचं पण तसंच झालं असंल.

तेरणाकाठ

सुभेदारसाहेब, अगदी तसंच झालं. ऑक्टोबर १९७६ च्या रियाध बैठकीनंतर त्या फौजेला अरब शांतिसेनेची टोपी घातली, साधारण तीस हजारांची, बहुतेक सगळी सीरियन. मार्च १९७७ मध्ये जुंबलात मारले गेले, संशय दमास्कसवरच. १९७८ मध्ये ज्यांना वाचवायला आले त्याच ख्रिश्चनांच्या पूर्व बैरुतवर सीरियन तोफा धडाडत होत्या. त्याच वर्षी मार्चमध्ये इस्रायल दक्षिणेत घुसला, १९८२ मध्ये थेट बैरुतपर्यंत. जे टाळायला गेले तेच झालं. आणि ख्रिश्चनांच्या बाजूनं उतरल्याचा राग सीरियातल्या सुन्नींत धुमसला. असद स्वतः अलवी, अल्पसंख्य. त्या असंतोषाचा शेवट फेब्रुवारी १९८२ मध्ये सीरियातल्या हमा शहरात झाला, स्वतःच्याच शहरावर तोफा चालवून.

स्पर्धापरीक्षा_परभणी

सर, मग १९७१ चं उदाहरण कुठं बसतं? तिथं तर हस्तक्षेप यशस्वी झाला. शेजारी देश, वंश आणि धर्म दोन्हीचा अत्याचार, एक कोटी निर्वासित.

तेरणाकाठ

चांगला प्रश्न. १९७१ ला भारतानं घाई केली नाही. माणेकशॉ यांनी एप्रिलमध्ये नकार दिला, पावसाळा आणि तयारी ही कारणं देऊन. डिसेंबरात तेरा दिवसांत निकाल लागला. आता माझा रकाना बघा. युद्धानंतर ढाक्यात उर्दू बोलणाऱ्या बिहारी मुसलमानांवर सूड उगवला जाऊ लागला, कारण त्यांच्यातल्या अनेकांनी पाकिस्तानी फौजेला साथ दिली होती. मीरपूर आणि मोहम्मदपूरच्या त्यांच्या वस्त्यांभोवती भारतीय जवानांनी पहारा दिला. सगळं थांबलं नाही, जवान हटल्यावर पुन्हा रक्त सांडलं. पण कुणीतरी उभं राहिलं. १९४८ ला नांदेड-उस्मानाबादेत एवढं जरी वेळेवर झालं असतं! आणि मार्च १९७२ मध्ये आपली फौज बांगलादेशातून बाहेर होती. सीरियाची लेबनॉनमधून निघाली २६ एप्रिल २००५ ला. एकोणतीस वर्षं. तीही लेबनॉनचे माजी पंतप्रधान रफिक हरीरी यांच्या हत्येनंतर सगळं बैरुत रस्त्यावर उतरलं म्हणून.

दम्मामवाला

जालन्याचा आहे, वीस वर्षांपासून सौदीत. मार्च २०११ मध्ये आमच्या इथून बहारीनला जाणाऱ्या पुलावरून फौजी गाड्या गेल्या, टीव्हीवर दाखवत होते. पूल पंचवीस किलोमीटरचा. तिथं सुन्नी राजा, शिया बहुसंख्य प्रजा, आणि प्रजा पर्ल चौकात बसलेली. सौदीचे हजारभर जवान गेले. त्यांनी म्हणे फक्त महत्त्वाच्या इमारती राखल्या. पण ते आल्यावर बहारीनच्या पोलिसांचे हात मोकळे झाले. चार दिवसांत चौकातलं स्मारकसुद्धा पाडलं. इथं शेजाऱ्यानं फार तोललं-बिललं नाही, मधे समुद्र आणि वर पूल, विषय संपला.

मागच्या वर्षी-दोन वर्षांत सीरियावरच पाळी आली बघा. जुलै २०२५ ला सुवेदात द्रूझ आणि बदाऊनी टोळ्यांत पेटलं, आणि द्रूझांना वाचवतो म्हणून इस्रायलनं दमास्कसमध्ये संरक्षण मंत्रालयावर बॉम्ब टाकले. सगळे शेजारी कुणाला ना कुणाला वाचवायलाच येतात.

मन्याड

आणि येताना नकाशा घेऊन येतात.

बालाघाटी

तेरणाकाठ, सगळ्यांचं ऐकलं. एक सांगा, पहारा ठेवायचा म्हणजे फौज जास्त दिवस ठेवायची. जास्त दिवस ठेवली की सीरियासारखं होणार. काढली की मीरपूरसारखं. मग तुमचा हिशेब कुठं जुळतो?

तेरणाकाठ

पूर्ण जुळत नाही. पण फौज किती दिवस, यापेक्षा मी दुसरी तारीख बघतो: लोकांनी मत कधी दिलं. हैदराबादेत आधी जनरल चौधरींचं लष्करी सरकार, मग वेल्लोडींचं नेमलेलं, आणि १९५२ च्या सुरुवातीला निवडणूक. बुर्गुल रामकृष्ण राव निवडून आलेले मुख्यमंत्री झाले. साडेतीन वर्षं. तिकडं लेबनॉनमध्ये १९७२ ला निवडलेली संसद स्वतःची मुदत वाढवत १९९२ पर्यंत बसली. वीस वर्षांनी निवडणूक झाली ती सीरियन फौजेच्या सावलीत, आणि बहुतेक ख्रिश्चनांनी तिच्यावर बहिष्कार टाकला.

बालाघाटी

मतदानाचं म्हणाल तर श्रीलंकेत आपण १९८८ मध्येच घेतलं होतं. उत्तर-पूर्व प्रांताचं. वरदराज पेरुमल मुख्यमंत्री झाले. फौज गेली तसे तेही गेले, थेट भारतात. मग?

सुभेदार_८म

दादा, त्या निवडणुकीत एलटीटीई उभीच नव्हती. ज्याच्या हातात बंदूक, तो मतपेटीच्या बाहेर. आम्ही बूथवर पहारा दिला, लोक रांगेत आले, आन् सगळ्यांना माहीत होतं की आम्ही गेल्यावर राज्य कुणाचं ते. हैदराबादेत १९५२ ला तसं नव्हतं, बंदूकवाले कम्युनिस्ट सुद्धा हत्यार खाली ठेवून आपली माणसं उभी करून निवडून आणायले होते. मन्याड सांगतील.

मन्याड

हो. पक्षावर बंदी होती म्हणून पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटच्या नावानं लढले. रवी नारायण रेड्डी नलगोंड्यातून लोकसभेवर गेले, देशातल्या सगळ्यात जास्त मतांनी, नेहरूंपेक्षाही.